अडीच वाजताचं गरम पाणी

तळेगाव, २९ जानेवारी

तीर्थस्वरूप नत्थूमामा,

आदेशचा इकडूनच तुमच्या पायावर माथा. तुमचा गुडघा कसा हाये, पायरी चढतानी अजून वाजते का, काळ्या गाईले गोऱ्हा झाला का कालवड, सगळं कळवजा. मी खुशाल हाये, फक्त इकडं भल्ली थंडी हाये. मामीले नमस्कार सांगजा, पण हे पत्र तिच्या हाती देऊ नका. (फोन काऊन नाई केला म्हणसान, तं मामी फोन स्पीकरवर ठेवते अन् माह्या लग्नाची गोष्ट पानठेल्यावाल्याले माह्याआंधी समजते.) अक्षर वाकडंतिकडं हाये ते सांभाळून घेजा. सातवीनंतर मी पेन हाती धरला तो फक्त खोक्यावर ‘वरची बाजू’ लिवाले.

तं मामा, पहिले तुमचीच तक्रार तुमाले करतो. जाम गावाजवळ रामाजीच्या घरी त्यायच्या पोरीले, मोहिनीले, पाहाले तुमी मले नेलं, चांगलं केलं. पण चहा येयाच्या आंधीच तुमी सांगून टाकलं का आमचा पोरगा पुण्याकडं सोलरचा इंजिनिअर हाये. मामा, मी शिडी धरतो. ठेकेदाराचा माणूस वर चढते, मी खाली उभा राहून शिडी धरतो अन् त्यानं पाना मागितला तं देतो. हे मी तिथंच सांगणार होतो, पण तोंडात पोहे होते. तेवढ्यात रामाजीनं लाइटचं बिल आणून माह्या मांडीवर ठेवलं. (पोरगी पाहाले आलेल्या पोराच्या मांडीवर बिल ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाह्यलं.) गिझर लावल्यापासून बिल दुप्पट येऊन राह्यलं म्हणे, सोलरवाल्यानं काही तरी करावं. तुमी म्हणाले, इंजिनिअरसाहेब दोन दिवस थांबन, झोपाले जामले आमच्या साडूकडं जाईन, दिवसा तुमचं काम पाहीन. अन् तुमी हिंगणघाटची गाडी पकडून चालले गेले. त्यानंतर काय झालं ते तुमाले कोणी सांगतलं नसन.

तुमी गेल्यावर रामाजी एकच वाक्य बोलले. ‘बिल येऊ द्या. उतरलं, तं पोरीची गोष्ट पुढं नेऊ.’ म्हणजे मामा, माह्यं लग्न लाइटच्या मीटरवर टांगलं गेलं.

नवीन सोलर घ्याले माह्यापाशी पैसे नाई अन् त्यायच्यापाशी मन नाई. पण आपल्या वांग्याच्या वावरात भर दुपारी ठिबक चालू केलं का पहिलं पाणी कसं चटका देते, ते मले आठवलं. काळी नळी, ऊन, अन् आत थांबलेलं पाणी, दुसरं काही लागत नाई. शंभर मीटर नळीत एक बकेट पाणी मावते. तीन भेंडोळे छपराच्या टिनावर पसरले तं तीन बकेटा. रामाजीच्या गोठ्यावर जुन्या नळ्या पडूनच होत्या. एक तोंड टाकीले जोडलं, दुसरं न्हाणीत सोडलं. गिझरची वायर टिनावरूनच जाते, शॉक लागू नाई म्हणून त्याचा फ्यूज काढून ठेवला. अन् पाणी चांगलं तापावं म्हणून दोन्हीकडचे कॉक घट्ट बंद केले. आता जुन्या ठिबकाले भोकं राह्यतेत, त्यायले रामाजीनं कवाच बुचं मारून ठेवलते. वावरातल्या थंड पाण्यात ते बुचं दहा वर्षं टिकले असते. टिनावर दुपारी दोन वाजता पहिलं बुच उडालं.

मंग दुसरं. मंग मोजता आले नाई. अंगणात रामाजीची आई आनंदाबाई बाजीवर मूगवड्या वाळत घालून बसली होती. तिले वाटलं वांदरं गोटे मारून राह्यले, म्हणून ती काठी घेऊन उठली, अन् वरून गरम पाण्याच्या पिचकाऱ्या, अर्ध्या तिच्या डोक्यावर, अर्ध्या बाजीवर. वड्यायची परत दाळ झाली. मी टिनावर चारी पाय टेकून बसलो होतो. मोहिनी दारात आली, वर पाह्यलं, अन् आमची पहिली बोलणी अशी झाली.

‘इंजिनिअर, खाली येता का शिडी काढून घेऊ?’

मी म्हणलं, शिडी धरा, मी इंजिनिअर नाई, शिडी धरणाराच हाये. ती शिडी धरून इतकी हासली का शिडीच हालाले लागली. (धरणारा हासत असला तं वरच्याले कसं वाटते, हे मले त्या दिवशी समजलं. ठेकेदाराच्या माणसाची मी मनातून माफी मागितली.)

त्या दिवशी बाजार नव्हता, रामाजी वावरातून आले. वाटलं आता जोडा निघन. पण ठिबक म्हणजे त्यायच्या हातचा खेळ. मिरचीच्या वावरातली बिनभोकाची नळी सोडून आणली, स्वतः वर चढले, अन् टाकीकडचा कॉक कायम उघडा ठेव म्हणाले, तापलेलं पाणी फुगते त्याले मागं सरकाले जागा पाहिजे. सातवी पास मी अन् चौथी पास ते, पण टिनावर मास्तर तेच होते.

दुसऱ्या दिवशी पाहाटे पाचले आनंदाबाईनं देवपूजेआंधी आंग धुवाले तो नळ सोडला. जानेवारीत रातभर टिनावर पडलेलं पाणी कसं असते ते तुमाले सांगाची गरज नाई. मले जामले निरोप आला का त्या पोट्ट्याले म्हणा, एकडाव पाहाटे येजो, तुले माह्या हातानं न्हाऊ घालीन. मी बॅग भरली. काऊन का ऊन दुपारी तापते अन् दुनिया सकाळी आंग धुते, याच्यावर माह्यापाशी काही इलाज नव्हता.

इलाज रामाजीच्या धंद्यात निघाला. ते पाहाटे बिनआंघोळीचेच भाजी घेऊन हिंगणघाटच्या बाजारात जातेत अन् अडीच वाजता परत येतेत, मानेपर्यंत धूळ. त्या वक्ती गिझर लावणं त्यायच्या जिवावर येते, म्हणून आजपर्यंत गारच पाणी घेत. त्या दिवशी नळ सोडला तं एकापाठी एक तीन बकेटा, हात भाजाले येईन असं पाणी. अर्धा घंटा न्हाणीतून भजन ऐकू आलं. बाहेर निघाले तं हळद लावलेल्या नवरदेवासारखे. सगळ्यायसमोर म्हणाले, बिल येतपर्यंत गिझर बंद, जो बटन दाबन त्यानं बिल भरावं. आनंदाबाईनं तोंड फिरवलं, पण हो म्हणली.

बिल आठ-दहा दिवसांत येईन. मले आशा हाये. बाकी ठीक, गुडघ्याले तेल लावत राह्यजा.

तुमचा शिडीवाला भाचा,
आदेश

ता. क. : पत्राचं खरं कारण लिवाची हिंमत आता आली. गाडीत भुसावळले चहाचे पैसे काढाले खिशात हात घातला तं गिझरचा फ्यूज निघाला. म्हणजे बिल उतरलं तं ते माह्या नळीनं उतरलं का माह्या खिशानं, हे कसं समजन? रामाजीले फसवून मले पोरगी नाई पाहिजे. फ्यूज या पाकिटात टाकून राह्यलो. बिल येयाच्या आंधी तुमी अडीच वाजता त्यायच्या घरी जाजा. आंग न धुता जाजा, म्हणजे न्हाणीकडं जायले कारण भेटन. दाराजवळच्या बोर्डात फ्यूज बसवून देजा.

ता. ता. क. : पाकीट चिटकवत होतो अन् मोहिनीचा फोन आला. (नंबर तिनं शिडी धरतानीच घेतलता, ते वर लिवाचं राह्यलं.) मी तिले फ्यूजचं सांगून टाकलं. ती म्हणे, तिले पहिल्याच पाहाटे समजलं. आनंदाबाई रोज चोरून बटन दाबते, लाल लाइट लागत नाई, अन् बिल भरावं लागन म्हणून कोणाले सांगताही येत नाई. मोहिनी तिले कापसाच्या पऱ्हाट्यायच्या जाळावर पातेलंभर पाणी तापवून देते, अन् आजी आता चुलीच्याच पाण्याचं कौतुक करते. मोहिनीनं काल बापालेही सगळं सांगतलं. मी घाबरत इचारलं, काय म्हणाले. ती म्हणाली, ‘बाबा म्हणे, फ्यूज पोस्टानं नको. ज्यानं नेला त्यानंच आणून बसवावा. अन् येतानी मामाले सोबत आणावं.’ बिलाचं नावही नाई काढलं.

म्हणून मामा, पाकीट हलकं लागलं तं पोस्टवाल्याले काही म्हणू नका, फ्यूज मी काढून घेतला. तुमी फक्त कोणता दिवस ते कळवजा. दोन किलो मूगवड्या मात्र घेऊन जावं लागन. त्या मामीच्याच हातच्या पाहिजे, म्हणून आता पत्र तिले वाचाले दिलं तरी चालन.