स्टेलानची शेवटची नळी

गोथेनबर्ग, रविवार

प्रिय टिल्डा,

सर्वप्रथम देशावर आलेलं संकट कळवते. इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची माझी पाळी कुणीतरी चोरली. इथे नवरा चोरला तर लोक समजून घेतात. धुण्याची पाळी चोरणं म्हणजे राजद्रोह. दारावर चिठ्ठी चिकटवली, खाली 'सप्रेम' लिहिलं, म्हणजे शिवी नीट पोचावी. मग रिकामा रविवार घेऊन प्रयोगशाळेत गेले. तसाही तुझा प्रश्न पाठ सोडत नव्हता: "आत्या, डुकराच्या मूत्रपिंडाच्या प्रयोगासाठी नाव देऊ का?"

तुझ्या बाबाने दिलं होतं, त्याची मूत्रपिंडं तुझ्यासारखीच निकामी झाली तेव्हा. तू पाळण्यात होतीस. ते मूत्रपिंड अंगात बसवायचं नव्हतं; पलंगाशेजारी ठेवून त्यातून त्याचं रक्त फिरवायचं होतं. मी म्हटलं, "स्टेलान, तुझं रक्त त्याला हाकलणार बघ." तो म्हणाला, "हॅट्! मी कधी पाहुण्याला हाकललंय? तुझ्या नवऱ्यालासुद्धा जेवू घालतो. लाव दालचिनीच्या बनची पैज!" गुलाबी मूत्रपिंड बघता बघता काळं पडलं. तो त्याच्याकडे बघत पुटपुटला, "बिचारं." दुसऱ्या दिवशी माझा बन मला दिला. पुढच्या हिवाळ्यात तो स्वतःच गेला.

त्या मूत्रपिंडातली चरबी मी वेगळी काढली. डुकराच्या पेशींवरच्या काही चरबीला साखरेचं शेपूट असतं. आपलं रक्त तेच ओळखतं आणि तुटून पडतं. काचेच्या पट्टीवर ती चरबी पसरून वर स्टेलानचा रक्तद्रव सोडला की काळ्या रेघा उमटायच्या. तो गेल्यावरही उमटत राहिल्या, टिल्डा. गोठवलेल्या नळीतून बाहेर यायचा आणि 'नाही' म्हणायचा. इतकी वर्षं भावाचा आवाज म्हणून माझ्याकडे होता तो एवढाच.

आज शेवटची नळी उघडली. या वेळी पट्टीवर नव्या डुकरांची चरबी होती, जन्माआधीच ती साखर काढून टाकलेल्या. तुला देऊ करताहेत ते मूत्रपिंड त्यांचंच. पट्टी पांढरी राहिली. मी थांबले. पांढरीच. आणि मग अगदी तळाशी एक फिकट रेघ. दिव्यापाशी धरली तर दिसते, चष्मा काढला तर नाही. पुटपुटल्यासारखी.

म्हणून हे पत्र. नाव दे असं मला लिहवत नाही, नको असंही नाही. ती रेघ तुझ्या बाबाची. तुझी निराळी असेल, कदाचित नसेलही. सही करण्याआधी ये. तुझ्या रक्ताची पट्टी आपण दोघी मिळून बघू. त्याची नळी आता संपली. परतताना बेकरीत थांबले. पैज तो पुरती जिंकला नाही, म्हणून त्याच्या कबरीच्या दगडावर अर्धाच बन ठेवला. उरलेला तिथेच उभी राहून खाल्ला.

तुझीच,
गुनेल आत्या