नाव घातल्यापासून चोवीस तास

सोमवार, ३ जून. सकाळी ९.१०
धाकट्या बहिणीचा फोन. हॉस्टेलची खोली टिकवायची तर गुरुवारी पाचच्या आत डिपॉझिट हवं. वहिनीला सांगू का, असं विचारत होती. वहिनीला कशाला? मोठा भाऊ मेलाय का? आजच पाठवतो म्हणालो.

९.२५
बँकेच्या ॲपमध्ये तिचं नाव घातलं. नवीन नाव आहे, चोवीस तास थांबा म्हणे. सख्खी बहीण आहे हो!

मंगळवार. सकाळी ८.२०
अजून तासभर. बसवेना. नाव काढून पुन्हा घातलं. अडलेलं मशीन बंद करून चालू केलं की पळतं. परत चोवीस तास दाखवतंय. नुसता ढिसाळ कारभार.
बँकेच्या अध्यक्षांना पत्र लिहायला घेतलं: 'पैसे वेगाने कसे जातील: सात सूचना.' चार झाल्या.

बुधवार. सकाळी ७.३०
नावात वडिलांचं नाव घालायचं राहिलं होतं. काढलं, नीट घातलं. चोवीस तास. बायकोने विचारलं, पैसे गेले का? वाटेत आहेत म्हटलं. ती म्हणाली, अति घाई संकटात नेई. ते वाहनांसाठी असतं.

दुपारी
बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, काका, नाव काढलं की घड्याळ पहिल्यापासून. फसवणूक होऊ नये म्हणून आहे ते. उद्या साडेसातला आपोआप चालू होईल, फक्त हात लावू नका. मी त्यांना पाचवी सूचना वाचून दाखवली. रांगेतले लोक खाकरले.
काका! मी एक्केचाळीसचा आहे.

गुरुवार. सकाळी ७.१०
वीस मिनिटं उरली. नाव जागेवर आहे ना, एवढंच बघत होतो. अंगठा लागला. नाव गेलं.

दुपारी ४.१५
धाकटीचे तीन मिस्ड कॉल. उचलायची लाज वाटली. शेवटी बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता हात पुसले, मोबाइल घेतला, मिनिटात पैसे गेले. तिच्या यादीत धाकटी सगळ्यात वर. बाबा गेल्यापासून दर महिन्याला पाठवते म्हणे. तीन वर्षं. मला वाटायचं, पोरीचं स्कॉलरशिपवर भागतं.

शुक्रवार. सकाळी ८.००
पत्र फाडलं. माझ्या यादीत बघितलं: केबलवाला, गाडीचा हप्ता, बंद पडलेली जिम. बायकोचे पैसे आजच्या आज परत करायचे ठरवलं. तिचंही नाव नव्हतं. घातलं.
चोवीस तास. मोबाइल तिच्याकडेच देऊन ठेवलाय.