आईच्या घमेल्याचा मॅनिफोल्ड

रूपीमावशी,

तुला वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायची हिंमत होतेय.

बाबांची जुनी फियाट आता वरोर गावभर फिरते. तिला मी मोठा कार्बोरेटर बसवला, पण त्यातून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा मॅनिफोल्ड कुठेच मिळेना. मग घरामागे वाळूचा साचा केला आणि अॅल्युमिनियम वितळवून स्वतःच ओतला. ते अॅल्युमिनियम म्हणजे आईचं मासळी विकायचं घमेलं. गुडघ्यांमुळे तिने बाजाराला जाणं सोडलं होतं. मला वाटलं, आता कशाला लागतंय.

दिवाळीनंतर ती पुन्हा जायला निघाली. घमेलं दिसेना, तेव्हा तिने शेजारीण म्हणून तुझंच नाव घेतलं. सगळ्या बायकांसमोर तुला चोर म्हणाली. मी तिथेच गाडी पुसत होतो.

काल तू तुझं घमेलं आमच्या ओट्यावर ठेवून गेलीस. दोघींनी एकाच दुकानातून घेतलेली, अगदी सारखी. आईने ते उलटं करून माझ्यापुढे धरलं. "वाच रे, माझंच नाव आहे ना?"

तळाला तुझं नाव कोरलेलं होतं. मी हो म्हटलं.

भाविक