ओढ्याकाठच्या कियायची साल

प्रिय एलियाना,

बसवाल्याकडून सालीचं पोतं मिळेल. ते उघडण्याआधी हे वाच. आम्ही बरे आहोत. तुझी आई दर शनिवारी अजूनही कियायच्या झाडाच्या सालीच्या फेसानंच केस धुते आणि तू पाठवलेल्या शाम्पूनं कुत्र्याला अंघोळ घालते. कुत्रा मात्र छान चमकतोय.

चार वर्षांपूर्वी तू सांतियागोला निघालीस, तेव्हा मी पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, "केस धुवायच्या सालीवर कसलं डोंबलाचं शिक्षण?" सगळे हसले, तू नाही. तेव्हापासून फोन आईलाच येतात. चूक माझी होती, हे इथेच लिहून टाकतो.

मग ऑक्टोबरात तुझी चिठ्ठी आली, माझ्या नावानं. ओढ्याकाठच्या आपल्या जुन्या कियायचा फेस लशीचा जोर वाढवायच्या तुमच्या प्रयोगात बाकी सगळ्या झाडांपेक्षा सरस ठरला, आणखी थोडी साल हवी. दोन फांद्यांची पुरे, असंही तू लिहिलं होतंस. मी ते नीट वाचलं होतं, दोनदा.

पण खोडाची साल जाड, तिला फेस जास्त. साल काढणाऱ्या आम्हा लोकांच्या हाताला हेच ठाऊक. आणि नोव्हेंबरात ती अशी सुटते की हात थांबत नाही. एका बाजूनं सुरुवात केली आणि फिरत फिरत पुन्हा तिथंच आलो. साल सगळीकडून गेली की झाड जगत नाही, हे तुला लहानपणी मीच शिकवलं होतं. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, पोरीनं ओंजळभर मागितलं, तू झाडच सोलून ठेवलंस!" इतक्या वर्षांनी तू माझ्याकडे काहीतरी मागितलं होतंस.

साल सावलीत वाळेपर्यंत शेंड्याची पानं पिवळी पडली. झाड जाणार. आताच बुंध्याशी कापलं, तर त्याच मुळांतून नवे धुमारे फुटतील. फेसही तोच असेल, पण पंधराएक वर्षं थांबावं लागेल. तोवर पोतं जपून वापर. मी आजवर शेकडो झाडं पाडली, याच्यावर मात्र कुऱ्हाड उचलवत नाही. तू ये. भांडायला का होईना, पण ये. तू शेजारी उभी राहिलीस, तर मी कापीन.

तुझाच,
बाबा