पदरावरची राख

कलकत्ता,
झावळ्यांचा रविवार, १९७१

तीर्थरूप बाबांस, भालचंद्रचा सलाम.

ख्रिस्ती म्हटल्यावर दोन घरांनी खोली नाकारली. तिसऱ्या घरी, पटवर्धनांनी, नावावरून मला हिंदू समजले आणि मी समजू दिले.

राखेच्या बुधवारी पाळकसाहेबांनी राखेने कपाळावर काढलेला क्रूस जिन्यात पुसायचा होता. विसरलो. दारातच पटवर्धनांच्या शारदाकाकू म्हणाल्या, “अरे, हे काय फासून आलास?”

“ट्रामच्या दांड्याची काजळी असेल,” मी म्हणालो.

“वेंधळाच आहेस! इकडे ये.” त्यांनी पदर ओला केला आणि आईने पुसावे तसे माझे कपाळ पुसले. मी पुसू दिले. येशूला आपण ओळखतच नाही असे सांगून पेत्र नंतर निदान रडला तरी. मी त्यांच्या हातचा चहा प्यालो.

पदरावर फिकट डाग राहिला आहे. ते पातळ दोरीवर वाळताना मला दिसते.

आज देवळात पाळकसाहेबांकडून मिळालेली झावळी सदऱ्यात लपवून आणली. हीच जाळून पुढच्या वर्षीची कपाळावरची राख होणार. काकू जेवायला हाक मारीत आहेत. झावळी हातात घेऊन त्यांच्यासमोर गेलो, तरच हे पत्र पेटीत टाकीन.

आपला,
भालचंद्र