मी आणि शनिवारवाल्यांचा डाव

४ ऑक्टोबर, शनिवार
सकाळ. चष्म्याचं दुकान बंद ठेवलं. याचा शब्बाथाशी, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीशी, काहीही संबंध नाही. अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च सोडून मला तीन वर्षं झाली. पैठण गेटला शनिवारी गिऱ्हाईकच नसतं, हा माझा अभ्यास आहे. रविवारी नव्या चर्चला जायचं असतं, म्हणून तेव्हाही बंद. शेजारचा मोबाइलवाला म्हणाला, काका, दुकान हाय का सरकारी बँक? मी कुलूप पुन्हा ओढून पाहिलं.

रत्नमाला आणि श्रेया त्यांच्या शनिवारच्या चर्चला गेल्या. बायको आणि मुलगी अजून अंधारात आहेत. मी एकटा बाहेर पडलो. विचार करून पडलो. त्याच वर्षी मला डावलून मेहुण्याला, शमुवेलला, एल्डर म्हणजे मंडळीचा वडील केलं, हा निव्वळ योगायोग.

दुपारी थंड जेवण. शब्बाथाला स्वयंपाक नको म्हणून रत्नमाला शुक्रवारीच करून ठेवते. गरम करायला माझी ना नाही. पण उगाच गॅस जाळायचा कशाला?

५ ऑक्टोबर, रविवार
भयंकर बातमी. उपासना संपल्यावर आमच्या छावणीतल्या (नव्या) चर्चचे रेव्हरंड म्हणाले, अ‍ॅडव्हेंटिस्ट बांधवांबरोबर ‘संवाद’ सुरू करायचाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेंढरं!

कारण आमच्याच घरात. श्रेयाला दुशिंगांचा आकाश पसंत आहे. दुशिंग म्हणजे आमच्या चर्चमधलं बडं प्रस्थ. शनिवारवाल्यांचा पास्टर अभय बाहेरच्या पंथातल्या मुलाशी लग्न लावत नाही. इकडं दुशिंगांना शनिवारवाल्यांची मुलगी करायची धास्ती. तेव्हा दोन्ही बाजूंनी बसायचं, एकमेकांना समजून घ्यायचं आणि पटलं तर दोघा पास्टरांनी मिळून लग्न लावायचं. नाही पटलं तर लग्न नाही.

श्रेयानं मला समोर बसवून सांगितलं, पप्पा, माझं सगळं यावर अडलंय. तुम्ही फक्त गप्प बसा.

पोरीला काय कळतं? हे लोक बाहेर ‘बंधू, बंधू’ करतात आणि घरात बाकीच्या सगळ्या चर्चना मोठी बाबेल, म्हणजे बायबलातली भ्रष्ट नगरी, म्हणतात. मला पक्कं माहीत आहे, कारण शब्बाथ शाळेत इतकी वर्षं मीच ते शिकवत होतो. चांगलं शिकवत होतो. शमुवेलपेक्षा तर नक्कीच.

संकल्प: यांचा बुरखा फाडायचा. शांतपणे.

८ ऑक्टोबर, बुधवार
रत्नमाला रडली. म्हणाली, लई झालं आता, पोरीच्या आड येऊ नका. तिला शब्द दिला. बैठकीत तोंड उघडणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

संध्याकाळी रेव्हरंडांकडं जाऊन बैठकीत माझी जागा पक्की केली. तज्ज्ञ म्हणून. ते म्हणाले, या की, तुम्ही दोन्हीकडचे. अपमान गिळला. मी एकीकडचाच आहे.

वेळ मीच सुचवली. शुक्रवारी पाच. इथं खरी गंमत आहे. शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांचा शब्बाथ लागतो. ऐन चर्चेत पास्टर अभय बॅग उचलून पळणार आणि सगळ्यांना दिसणार, ही माणसं किती हेकट आहेत. रेव्हरंड निरागसपणे हो म्हणाले. कधीकधी स्वतःच्या डोक्याची भीती वाटते.

१२ ऑक्टोबर, रविवार
चर्चमध्ये जेवण. नान खलिया. मी वरणभात घेतला. मटण खात नाही ते कोलेस्टेरॉलमुळं. डुकराचं तर नावच नको, पण ती स्वच्छतेची बाब. चहाही पित्तामुळं नको म्हटलं. दुशिंगबाई म्हणाल्या, तुमच्याकडं चहापन पाप का हो?

‘तुमच्याकडं’! तीन वर्षं झाली तरी! त्यांना पित्तावर सविस्तर माहिती दिली. कॅफिनवरही. मग त्यांच्या ताटातल्या रश्श्यावर. बाई फार लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, श्रेया पन जेवताना असंच सांगती का? म्हटलं, संस्कार आहेत.

बाईंवर चांगलाच प्रभाव पडला. नंतर नवऱ्याला कोपऱ्यात नेऊन बराच वेळ बोलत होत्या.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
बैठक झाली. डोकं शांत ठेवून लिहितो.

सुरुवात गोडीगुलाबीनं. पास्टर अभय म्हणाला, आम्ही तुम्हाला ख्रिस्तातले भाऊच मानतो. मी उभा राहिलो. गप्प बसायचा शब्द दिला होता हे खरं. पण खोटं ऐकून गप्प बसणं म्हणजे त्यात सामील होणं. म्हणजे मी शब्द मोडला नाही. तो इथं लागूच होत नव्हता.

सगळं काढलं. बाबेल काढली. प्रकटीकरणातलं सैतानी श्वापद काढलं. रविवार पाळणाऱ्यांबद्दल हे लोक आपसांत काय बोलतात ते काढलं. श्रेया पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. सत्य ऐकायची सवय लागते.

मग खिडकीतलं ऊन पिवळं झालं. इथं जे झालं त्याला सवय म्हणतात, दुसरं काही नाही. माझ्या हातानं आपोआप मोबाइल बंद केला. कागद पिशवीत गेले. मी वाक्य अर्धवट सोडून सगळ्यांना हात जोडले आणि म्हणालो, हॅपी सॅबथ.

पास्टर अभय जागचा हलला नव्हता. म्हणाला, देवाच्या कामाचं बोलणं चाललंय, त्यानं शब्बाथ मोडत नाही. बसा निर्मळ काका.

सगळे माझ्या पिशवीकडं बघायला लागले. मग हसले. रेव्हरंडसुद्धा.

मग दुशिंग उठले. त्यांचं बोलणं असभ्य होतं, पण नोंद ठेवतो. म्हणाले, पास्टरसाहेब, आमची तुमच्याबद्दल तक्रार नाय. आम्हाला भ्या होतं ते या माणसाचं. तीन वर्षं बघतोय. चहा नाय, मटण नाय, दुसऱ्याच्या प्रार्थनेतल्या चुका काढतो, दुसऱ्याच्या ताटातली पापं मोजतो. आम्हाला वाटलं, शनिवारवाले समदे असेच असतात. अशी सून आली तर घरात राहायचं कसं?

पास्टर अभय घाईघाईनं म्हणाला, नाही हो, ते आमचे नाहीत. ते गेल्यापासून आमच्याकडं शांतता आहे. शमुवेल मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाला.

दुशिंग म्हणाले, आमचे पन नाहीत. दोघांनी हात मिळवले. रेव्हरंड म्हणाले, दोन्ही मंडळ्यांचं एकमत झालेला हा पहिला मुद्दा.

घरी आल्यावर श्रेया म्हणाली, बरं झालं पप्पा, बोललात ते. शेवटी पोरीला बापाची किंमत कळली.

१९ ऑक्टोबर, रविवार
लग्न ठरलं, २७ नोव्हेंबरला. दोघं पास्टर मिळून लावणार. वेदीपर्यंत मुलीला मामा नेणार, म्हणजे शमुवेल. श्रेयाचीच इच्छा. बापानं भाषण किंवा प्रार्थना करू नये, ही दोन्ही मंडळ्यांची अट. माझ्या शब्दांची दोघांनाही किती धास्ती आहे ते यावरून कळतं.

१ नोव्हेंबर, शनिवार
लग्नावर बहिष्कार जाहीर केला. तो पास्टर अभय वेदीपाशी उभा असेपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाही. चर्चसमोर रस्त्यापलीकडं बसून राहीन. पहिल्या रांगेतली बापाची रिकामी खुर्ची सगळ्यांना दिसू दे. जेवणाच्या टेबलावर उभा राहून, ठणकावून सांगितलं.

रत्नमालानं विचारलं, मग तुमच्या खुर्चीवर वहिनीला बसवू का?

डाव आहे. मनधरणीला सगळे येतील. शेवटच्या आठवड्यात येतील.

२६ नोव्हेंबर, बुधवार
अजून कुणी आलेलं नाही. कामाच्या गडबडीत असतील. सूट इस्त्री करून आणला. समजूत घालायला आले, तर ऐन वेळी धावपळ नको.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
दहापासून चर्चसमोरच्या कट्ट्यावर. टाय घातला होता.

सव्वादहाला शमुवेल दिसला. मला वाटलं, आला. तो फुलवाल्याशी बोलून आत गेला. मग श्रेयाची गाडी आली. पोर फार छान दिसत होती. तिनं रस्त्यापलीकडं पाहिलं. मी उठून उभा राहिलो. ती मामाचा हात धरून आत गेली.

आतून गाणी ऐकू येत होती. दोन्ही मंडळ्या एका सुरात. पास्टर अभयची प्रार्थना लांबली. चूक कुठं होतीये ते मला बाहेरूनही कळत होतं, पण सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

बारा वाजता सगळे बाहेर आले. पायऱ्यांवर फोटो सुरू झाले. मधोमध श्रेया आणि आकाश, इकडं दुशिंग, तिकडं रत्नमाला, शमुवेल, त्याची बायको, दोघं पास्टर. फोटोग्राफरनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि जोरजोरात हात केला. ‘काका, ओ काका!’ अशी हाक मारली.

शेवटी बोलावलंच. मी ठरवलं, ताणायचं नाही. सगळ्यांना माफ करून टाकायचं, शमुवेललासुद्धा. टाय नीट केला. रिक्षा थांबवून रस्ता ओलांडला. काय बोलायचं ते शब्द जुळवत पायऱ्यांपर्यंत गेलो.

फोटोग्राफर म्हणाला, काका, जरा साइडला व्हा ना, तुम्ही फ्रेममध्ये येताय.

मी श्रेयाकडं पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं. ती कॅमेऱ्याकडं बघून हसत राहिली.

मी बाजूला झालो. फोटो चांगला आला असेल.