दुसऱ्या गुडघ्याला पूर्ण भूल न देण्याबाबत

दिनांक: १४ जुलै २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सातेरी धर्मादाय रुग्णालय, बेळगाव.

अर्जदार: यमनाप्पा नागोजी होगाडे, निवृत्त विणकर, रा. वडगाव, बेळगाव.

विषय: डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला कमरेतच इंजेक्शन मिळणेबाबत.
संदर्भ: उजव्या गुडघ्याचे डिस्चार्ज कार्ड.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती की, गेल्या फेब्रुवारीत अर्जदाराचा उजवा गुडघा आपल्याकडे बदलला. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केले होते. अर्जदार जागा होता. कार्डावर मात्र 'रुग्णास वेदना, मध्येच झोपेचे औषध दिले, पुढील वेळी पूर्ण भूल' असा शेरा आहे. सदर शेरा साफ चुकीचा आहे. अर्जदारास काडीचंही दुखलं नव्हतं.

घडलं ते असं. भूल देणाऱ्या डॉक्टर स्वरूपाबाई, नंदगडच्या, उशाशी बसल्या होत्या. भीती वाटू नये म्हणून त्यांनी विचारलं, "आप्पा, आक्का काय करत्यात?" अर्जदाराची पत्नी कै. अंबूबाई हिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून तिच्याबद्दल विचारणाऱ्या या पहिल्याच. मग काय, अर्जदार सुटलाच! नवी नवरी मागाच्या खोलीत कशी आली, खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही म्हणून विणकर हातानं कसे बोलतात, सगळं सांगितलं. "मग आक्का पहिल्यांदा काय बोलल्या?" बाईंनी विचारलं आणि नेमकी करवत सुरू झाली. अर्जदारानं सवयीनं हात वर करून पंजा हलवला. मागावर त्याचा अर्थ 'चालू दे, मी हाय'. बाईंना वाटलं, म्हातारा कळवळला. त्यांचा दोष नाही. शेतकऱ्याघरची लेक, तिला मागावरचं काय ठाऊक! अर्जदाराचे डोळे उघडले ते वॉर्डात.

नंतर लई दुखलं, न्हाय म्हणत न्हाय. नर्सबाई दुखणं दहापैकी किती ते विचारून गोळी देत, पण गोष्टीचं पुढचं कुणी विचारलं नाही. अर्जदाराचा मुलगा राजकुमार पिरनवाडीला असतो, गुणाचा आहे, दर रविवारी फोन करतो. आईचं नाव काढलं की मात्र "आप्पा, औषध घेतलं न्हवं?" म्हणून विषय बदलतो. माग विकल्यापासून घरात खूण करायलाही कुणी नाही. एकटं फार वाटतं, साहेब.

सबब सदर शेरा रद्द करून कमरेतच इंजेक्शन द्यावे व त्या दिवशी स्वरूपाबाईंचीच ड्युटी लावावी. अर्जदाराचे हात बांधून ठेवले तरी तक्रार नाही. करवत सुरू झाली की तो गप्प राहील, थांबली की पुढचं सांगेल. गोष्ट अर्धी राहिली आहे आणि अर्जदारास गुडघे दोनच आहेत.

आपला नम्र व जागा राहू इच्छिणारा,
यमनाप्पा नागोजी होगाडे

सोबत:
१. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स.
२. खूण कागदावर काढता येत नाही. बोलावल्यास समक्ष येऊन दाखवीन.